वासुदेव गायतोंडे : आकृतीपासून अमूर्तापर्यंत

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील बुद्धविहारांत चित्रे असतात. तथागतांचे, बाबासाहेबांचे, रमाईंचे चित्र नसलेली वस्ती सापडणार नाही. चित्रकला म्हणजे व्यक्तिचित्र, आणि चांगले चित्र म्हणजे हुबेहूब चित्र, ही समजूत या ओळखीतून तयार झाली आहे. एखादी मुलगी कागदावर नुसते रंग पसरवू लागली की "हे काय काढलंस?" हा प्रश्न घरातून, शाळेतून आणि विहारातूनही येतो. या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी ज्या मराठी माणसाचे काम माहीत असायला हवे, त्याचे नाव वासुदेव सांतू गायतोंडे. माणसांच्या आकृती रंगवत त्यांनी सुरुवात केली आणि आकृतीच नसलेल्या चित्रांपर्यंत ते पोचले. या वाटेवर त्यांना झेन बौद्ध विचाराची सोबत मिळाली. त्यांच्या कामाची ही ओळख विद्यार्थी, शिक्षक आणि कार्यकर्त्यांसाठी आहे.

थोडक्यात परिचय

जन्म : २ नोव्हेंबर १९२४, नागपूर. कुटुंब मूळचे गोव्याचे.
शिक्षण : सर ज. जी. कला महाविद्यालय (जे. जे.), मुंबई. पदविका १९४८.
कामाची ठिकाणे : मुंबई, न्यूयॉर्क (१९६४-६५), १९७२ च्या सुमारास दिल्ली.
सन्मान : टोकियोतील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिले पारितोषिक (१९५७), पद्मश्री (१९७१), मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान.
निधन : १० ऑगस्ट २००१.
मरणोत्तर : न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात सिंहावलोकन प्रदर्शन, ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५.

चाळ, घर आणि जे. जे.

गायतोंडे यांचे बालपण गोव्यात आणि नंतर गिरगावातील चाळीत गेले. वडील कडक स्वभावाचे होते. मुलाने चित्रकार व्हावे हे त्यांना मान्य नव्हते. तरीही मुलगा जे. जे.मध्ये दाखल झाला. चाळीतल्या दोन खोल्यांत चित्र काढण्याला जागा नसते आणि घरच्यांचे उत्तेजनही नसते, हा अनुभव आपल्याकडील अनेक मुलांना नवा वाटणार नाही.

ते शिकत होते तो काळ स्वातंत्र्याच्या आगेमागेचा होता. जे. जे.मध्ये एका बाजूला ब्रिटिशांनी घालून दिलेली पद्धत चालू होती. समोर मॉडेल बसवायचे, सावली-प्रकाश मोजून जसेच्या तसे उतरवायचे. दुसऱ्या बाजूला जगन्नाथ अहिवासी यांच्यासारखे शिक्षक अजिंठा, राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रे यांच्या आधारे भारतीय शैली शिकवत होते. गायतोंडे यांनी दोन्ही पचवले. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला होता. काही काळाने गायतोंडेही त्या गटात सामील झाले.

आकृतीचा काळ

१९५० च्या आसपासची त्यांची चित्रे पाहिली तर हेच ते गायतोंडे, यावर विश्वास बसत नाही. त्यांत स्त्रिया आहेत, पक्षी आहेत, घरे आहेत. रेषा ठळक आणि सपाट रंग तेजस्वी. जैन हस्तलिखितांतील चित्रे आणि बसोलीची लघुचित्रे यांचा परिणाम उघड दिसतो. माणसाचे शरीर हुबेहूब काढण्याऐवजी ते मोजक्या आकारांत बसवलेले असते.

याच काळात त्यांना स्विस चित्रकार पॉल क्ले यांची चित्रे जवळची वाटू लागली. क्ले यांच्या चित्रांत वस्तू पूर्ण नाहीशी होत नाही. ती खूण बनते. गायतोंडे यांच्या कागदावरही हळूहळू स्त्रीची स्त्री, घराचे घर राहिले नाही. रेषा आणि रंग यांचा एकमेकांशी असलेला संबंधच महत्त्वाचा होत गेला.

ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. अमूर्त चित्रकाराला आकृती जमत नाही म्हणून तो रंग फासतो, असा गैरसमज सर्रास आढळतो. गायतोंडे यांना आकृती उत्तम येत होती. अनेक वर्षे ती काढल्यावर त्यांनी ती सोडली.

आकृती कशी सुटली

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या चित्रांतून आकृती गेली. १९५७ साली टोकियोच्या प्रदर्शनात पहिले पारितोषिक मिळाले, ते याच बदलाच्या काळात. मुंबईत वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये ते काम करत. नाममात्र भाड्यात चित्रकारांना तिथे स्टुडिओ मिळे. त्याच इमारतीत नाटकवाले, संगीतकार, नर्तक यांचीही ये-जा असे. पंडित रविशंकर आणि इब्राहिम अल्काझी तिथे होते.

अशा जागेचे महत्त्व समाजशास्त्राच्या अंगाने समजून घ्यायला हवे. एखादा माणूस वर्षाला मोजकी चित्रे करतो, मागणीप्रमाणे रंगवत नाही, तरी टिकतो, तेव्हा त्यामागे त्याच्या जिद्दीबरोबर संस्थाही असतात. स्वस्त स्टुडिओ होता. होमी भाभा यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्था समकालीन चित्रे विकत घेत होती, त्यांत गायतोंडे यांचीही होती. १९६४ मध्ये रॉकफेलर कुटुंबाच्या निधीतून शिष्यवृत्ती मिळाली आणि ते न्यूयॉर्कला गेले. तिथे मार्क रॉथको आणि त्यांच्या पिढीच्या चित्रकारांचे मोठे, शांत रंगपट जवळून पाहता आले. या आधारांशिवाय गायतोंडे घडले असते का, हा प्रश्न आपल्या मुलांविषयी बोलताना पुन्हा विचारावा लागतो.

आपल्या चित्रांना "अमूर्त" म्हटलेले गायतोंडे यांना आवडत नसे. अमूर्त करणे म्हणजे कुठल्या तरी वस्तूचा अर्क काढणे. आपण कुठल्या वस्तूपासून सुरुवातच करत नाही, म्हणून आपले चित्र वस्तुनिरपेक्ष आहे, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिले नाही. नाव दिले की पाहणारा त्या नावाची वस्तू शोधू लागतो.

रोलर, पॅलेट नाइफ आणि थांबणे

त्यांची काम करण्याची रीत समजली की चित्र पाहणे सोपे जाते. ब्रशऐवजी ते रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. पॅलेट नाइफ म्हणजे रंग कालवण्याची पातळ, लवचीक पट्टी. तैलरंगाचा एक थर द्यायचा, त्यावर दुसरा, मग काही भाग खरवडून काढायचा. खालचा रंग वर डोकावतो. कधी फाडलेल्या कागदाचे तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलायचे. त्यातून न समजणाऱ्या लिपीसारख्या खुणा उमटतात. पण तिथे अक्षर नाही, आकृती नाही. साठच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांचे कॅनव्हास बहुतेक उभे असत.

प्रत्यक्ष रंगकामापेक्षा त्याआधीचा वेळ मोठा असे. रिकाम्या कॅनव्हाससमोर ते दिवसेंदिवस बसून राहत. वर्षभरात पाच-सहा चित्रे पूर्ण होत, कधी त्याहून कमी. १९८४ मधील अपघातात पाठीच्या कण्याला इजा झाली आणि मोठे कॅनव्हास करणे काही वर्षे थांबले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची छोटी रेखाटने केली. नंतर ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले.

माळशेज घाटातले पावसाळी धुके किंवा भातसा धरणावरची पहाट पाहिलेल्या माणसाला त्यांचे एखादे करडे-हिरवे चित्र लगेच ओळखीचे वाटेल. पण ते धुक्याचे किंवा पाण्याचे चित्र आहे असे मानून पुढे जाऊ नये. धुक्यात डोळा जसा थांबतो, काही शोधायचे सोडून नुसता पाहू लागतो, तशी पाहण्याची अवस्था या चित्रासमोर येते. साम्य एवढेच आहे.

झेनशी नाते

गायतोंडे यांनी धम्मदीक्षा घेतलेली नव्हती. त्यांना बौद्ध म्हणून आपल्यात मोजण्याची घाई करू नये. रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती, खेतवाडीतील निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांतही त्यांना रस होता. मात्र १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून झेन विचाराचा त्यांच्यावरील प्रभाव ठळक आहे आणि तो त्यांनी स्वतः सांगितलेला आहे.

झेन हा शब्द आपल्याच "ध्यान" या शब्दाचा प्रवास आहे. पालीत झान, चीनमध्ये चान, जपानमध्ये झेन. परंपरेनुसार भारतातून गेलेल्या बोधिधर्मांपासून ही शाखा चीनमध्ये सुरू झाली. तिचा भर पोथीपेक्षा प्रत्यक्ष अनुभवावर आहे. जपानी झेन भिक्खू शाईच्या एका फटकाऱ्यात वर्तुळ काढतात, त्याला एन्सो म्हणतात. ते काढताना मन जिथे असेल ते त्या रेषेत उतरते, दुरुस्तीला जागा नसते. चित्रातली मोकळी जागा ही उरलेली जागा नसून चित्राचा भाग असते. गायतोंडे यांचे वाट पाहणे, जे हाताला सुचेल ते होऊ देणे, मौनाला महत्त्व देणे, हे या परंपरेच्या जवळचे आहे.

इथे एक प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणारच. बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात मांडलेला धम्म माणसामाणसांतील संबंधांवर, नीतीवर आणि समतेवर उभा आहे. एकांतात बसलेल्या चित्रकाराच्या शांततेचे त्यात काय स्थान? हा प्रश्न रास्त आहे. गायतोंडे यांच्या चित्रांत जात नाही, वर्ग नाही, अन्याय नाही. त्यांच्याकडे ते मागण्यात अर्थ नाही.

ते काम करणारे चित्रकार आपल्याकडे आहेत. नागपूरचे सवी सावरकर यांनी अस्पृश्यता आणि देवदासी प्रथा आकृतिप्रधान चित्रांतून थेट समोर ठेवली. आपल्याच जिल्ह्यात, ठाण्यात, रेडिओलॉजिस्ट म्हणून तीस वर्षे काम करता करता सुधीर पटवर्धन यांनी कामगार, लोकलचे प्रवासी, इराणी हॉटेलात बसलेली माणसे, वाढत जाणारे शहर रंगवले. ती सगळी आकृतीची चित्रे आहेत आणि ती आवश्यक आहेत.

पण आपल्या समाजातल्या चित्रकाराने फक्त वेदनेचेच चित्र काढावे, ही अपेक्षाही एक बंधन आहे. अकोल्यात १९२२ साली जन्मलेले अंबादास खोब्रागडे जे. जे.मध्ये शिकले. जे. स्वामिनाथन, जेराम पटेल, गुलाममोहम्मद शेख यांच्यासह ते "ग्रुप १८९०" या गटाचे संस्थापक सदस्य होते. भावनगरमधील ज्या घरात गटाची बैठक झाली त्या घराच्या क्रमांकावरून हे नाव पडले. १९६३ मध्ये दिल्लीत भरलेल्या या गटाच्या प्रदर्शनाचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले होते. अंबादास यांनी आयुष्यभर आकृतीविना रंग हाताळला. १९७२ पासून ते नॉर्वेत राहिले आणि २०१२ मध्ये ओस्लो येथे वारले. देशातील महत्त्वाच्या अमूर्त चित्रकारांत त्यांची गणना होते. आपल्या सभांत आणि विशेषांकांत मात्र त्यांचे नाव क्वचितच येते. चित्र काय आहे हे चटकन सांगता येत नाही, एवढ्याच कारणाने आपण असे काम बाजूला ठेवत असू, तर नुकसान आपलेच आहे.

मूर्त आणि अमूर्त : बौद्ध कलेचा स्वतःचा अनुभव

अमूर्त चित्र ही पाश्चात्त्य गोष्ट आहे, आपली नाही, असे म्हणणाऱ्यांनी लेण्यांकडे पाहावे. भारहूत आणि सांचीच्या शिल्पांत अनेक प्रसंग कोरले आहेत, पण बुद्ध मानवी रूपात दिसत नाहीत. त्यांच्या जागी बोधिवृक्ष, रिकामे आसन, पाऊलखुणा किंवा धम्मचक्र आहे. या खुणांचा नेमका अर्थ काय याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास गांधार आणि मथुरेत बुद्धमूर्ती घडू लागल्या.

महाराष्ट्रात हा बदल दगडात वाचता येतो. भाजे आणि कोंडाणे येथील चैत्यगृहांत पूजेचा केंद्रबिंदू मूर्ती नसलेला स्तूप हाच होता. अजिंठ्यात दहाव्या लेण्यातील स्तूप साधा आहे, तर त्यानंतर सुमारे पाच-सहा शतकांनी कोरलेल्या एकोणीस आणि सव्वीस क्रमांकाच्या लेण्यांत स्तूपावरच बुद्धमूर्ती आहे. आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण कान्हेरीचे. तिथल्या तिसऱ्या लेण्यात आत साधा, घुमटाकार स्तूप आहे आणि बाहेरच्या ओसरीत दोन्ही बाजूंना उभ्या बुद्धांच्या प्रचंड मूर्ती आहेत. त्या नंतर कोरल्या गेल्या. भिक्खूंनी आणि उपासकांनी एकाच वास्तूत दोन्ही ठेवले. मूर्ती आली म्हणून स्तूप फोडला नाही.

हा वारसा मुरबाड तालुक्यालाही परका नाही. कल्याण बंदरातून निघालेला व्यापारी मार्ग वैशाखरेवरून नाणेघाट चढून जुन्नरला जात असे, आणि जुन्नरभोवती बौद्ध लेण्यांचे मोठे समूह आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दानकर्त्यांची नावे आहेत. स्तूपाचा गोल घुमट कशाचेही हुबेहूब चित्र नाही, तरी त्यासमोर माणूस शांत होतो. गायतोंडे यांच्या चित्रासमोर उभे राहण्याची तयारी आपल्या डोळ्यांना या वारशातून आधीच मिळालेली आहे.

साधे राहणे आणि कोटींचे आकडे

गायतोंडे यांनी लग्न केले नाही. दिल्लीत निजामुद्दीन भागात गच्चीवरच्या लहानशा जागेत ते राहत. गरजा थोड्या होत्या आणि लोकांत मिसळणे त्याहून कमी. त्यांच्या मृत्यूनंतर चित्र बदलले. २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतील लिलावात त्यांचे १९७९ मधील चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले. २०१५ मध्ये १९९५ मधील एका चित्राला २९.३ कोटी मिळाले. २०२१ मध्ये १९६१ च्या चित्राची बोली ३९.९८ कोटींवर पोचली.

हे आकडे बातम्यांत येतात आणि चित्रकाराची ओळख तेवढीच उरते. लिलावातील रक्कम चित्र विकणाऱ्या संग्राहकाला मिळते. चित्रकाराला ती मिळालेली नसते. किंमत जास्त म्हणून चित्र मोठे, असे मुलांना शिकवू नये. आणि श्रीमंतांचा खेळ म्हणून पाठही फिरवू नये. चित्र विकत घेणे काहींनाच शक्य आहे, पाहणे सर्वांना शक्य असले पाहिजे.

शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्यांसाठी

तानसा, भातसा, मोडकसागर येथून मुंबईला पाणी जाते. मुंबईतली संग्रहालये मात्र या भागातील मुलांपर्यंत पोचत नाहीत. शाळेत कलाशिक्षकाचे पद असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या जातात, दहावीला वाढीव गुण मिळतात आणि बहुतेकांची चित्रकला तिथेच थांबते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव उपयोगी आहे. तो पाया आहे. गायतोंडे यांनीही असा पाया घातला होता. पण त्यापुढे काही आहे, हे मुलांना कोणीतरी दाखवावे लागते.

आसनगावहून कसारा-मुंबई लोकलने थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाता येते. मुरबाडकरांनी एसटीने कल्याण गाठावे. टर्मिनसपासून काळा घोडा परिसर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे आणि त्यात गायतोंडे यांची चित्रे आहेत. समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. संग्रहातील चित्रे आलटून पालटून लावली जातात, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. जवळची जहांगीर कलादालने विनामूल्य पाहता येतात. बुद्धजयंती किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त सहली काढणाऱ्या मंडळांनी एका वर्षी सकाळी कान्हेरी आणि दुपारी काळा घोडा असा बेत केला, तर मुलांना दोन हजार वर्षांचे अंतर एका दिवसात पाहता येईल. सोमवारी बरीच संग्रहालये बंद असतात, तेवढे लक्षात ठेवावे.

चित्रासमोर नेल्यावर मुलांना "हे काय आहे?" असे विचारू नये. कोणता रंग आधी लावला असेल, कुठे खरवडला असेल, नजर कुठे थांबते, एवढेच विचारावे. पाच मिनिटे बोलू नये, बोलू देऊ नये. विहारात ध्यानाला बसणाऱ्या मुलांना हे शहरातल्या मुलांपेक्षा अवघड जाणार नाही.

परत आल्यावर विहाराच्या एखाद्या भिंतीवर मुलांची चित्रे लावावीत. बाबासाहेबांचे चित्र काढणाऱ्या मुलाचेही लावावे आणि नुसता निळा रंग पसरवणाऱ्या मुलीचेही. तिने काय काढले आहे हे तिलाच सांगू द्यावे. तिला सांगायचे नसेल, तर चित्र तसेच लावलेले असू द्यावे.